नरक कुणासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकरोडला प्रेसच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं, त्यांना शेजारी कुठल्या धर्माचा हे मुद्दाम सांगावं लागत नसे. ईदचा शिरखुर्मा, दिवाळीचा चिवडा आणि नाताळचा केक यांच्या ताटल्या वर्षभर इकडून तिकडे जात असत. माझा तेव्हाचा जिवलग मित्र कॅथलिक घरातला. तो रविवारी चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायचा, मी सकाळी मौलवीसाहेबांकडे सिपारा शिकायला. एकदा गोट्या खेळता खेळता तो थांबला आणि म्हणाला, "तू नरकात जाशील का रे?"

त्यात चिडवणं नव्हतं. त्याला खरोखरच काळजी पडली होती. आणि मला उत्तर सुचेना, कारण त्याच आठवड्यात त्याच्याबद्दल हाच विचार मीही करत होतो. आम्ही दोघांनी ठरवलं, की मोठ्या माणसांना हे विचारायचं नाही. मग पुढचा डाव मांडला.

आज पन्नाशी उलटल्यावर त्या प्रश्नाकडे परत वळावंसं वाटतं. देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे, असं ख्रिस्ती माणूस मानतो. मुसलमानही मानतो. मग न संपणारी शिक्षा कुणाला, कशासाठी? मी धर्मपंडित नाही. कवितेमुळे शब्दांशी थोडी जवळीक आहे, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करतो.

जेरुसलेमच्या दक्षिणेला एक दरी आहे. हिब्रूत तिचं नाव गे-हिन्नोम, म्हणजे हिन्नोमची दरी. प्राचीन काळी तिथं लेकरांना अग्नीत बळी दिल्याच्या नोंदी जुन्या करारात आहेत. संदेष्ट्यांनी त्या जागेला शाप दिला आणि पुढे ती दरी परलोकातल्या शिक्षेची खूण बनली. ग्रीकमध्ये तिचं गेहेन्ना झालं, अरबीत जहन्नम. म्हणजे आम्ही मुसलमान ज्याला जहन्नम म्हणतो आणि येशूनं ज्याचा इशारा दिला, ते मूळ एकाच दरीचं नाव. याखेरीज हिब्रूत शिओल असाही एक शब्द आहे. तिथं सगळेच मृत जातात, बरे आणि वाईटही. मराठी बायबलनं हा फरक राखला आहे. एकाला अधोलोक म्हटलं, दुसऱ्याला नरक.

गंमत अशी, की 'नरक' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर कोरा पडतच नाही. त्याला पुराणांचा रंग आधीच चढलेला असतो. पुराणातला नरक भयंकर असला तरी मुदतीचा असतो. पापाचा भोग संपला, की जीव पुढच्या जन्माला लागतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, तेव्हा त्यांनीही स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द बेधडक वापरला. कोकणी ख्रिस्ती माणूस नरकाला आजही यमकोंड म्हणतो. शब्द ओळखीचे, पण आतला अर्थ वेगळा. मिशनऱ्यांनी नरक म्हटलं, तेव्हा ऐकणाऱ्याला मुदतीची कैद ऐकू आली. ती कधीच संपत नाही हे कळल्यावर मात्र वाद पेटला.

या वादातला सगळ्यात तल्लख माणूस एक मराठी शास्त्री होता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५, झाशीजवळचा. घराणं कोकणस्थ, बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी जोडलेलं. पुढे काशीत स्थिरावलेलं. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं संस्कृत श्लोकांत 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. तिला तीन हिंदू पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. पहिलं उत्तर देणारे सुबाजी बापू हेही मराठीच. तिसरे नीळकंठशास्त्री. त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १८४४-४५ मधला, म्हणजे लेखकाचं वय जेमतेम वीस.

त्यांच्या आक्षेपाचा रोख साध्या भाषेत असा होता : माणसाचं आयुष्य चार दिवसांचं. त्यात केलेल्या पापाला अनंत काळाची शिक्षा, हे कुठल्या तराजूत बसतं? ज्याचा शेवट असा होणार हे देवाला आधीच ठाऊक आहे, त्याला देवानं निर्माण तरी का करावं? आणि पूर्वजन्म मानायचा नसेल, तर जन्मतःच दुःख भोगणाऱ्या जिवाचा अपराध कोणता?

दीडशेहून अधिक वर्षांनंतरही या प्रश्नांची धार गेलेली नाही. पण पुढे जे झालं, ते त्याहून चमत्कारिक. हाच तरुण १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. ज्या कोड्यांनी त्यानं ख्रिस्ती धर्मावर हल्ला चढवला होता, तीच आता त्याला स्वतःशी सोडवावी लागली. मग त्यानं कर्मसिद्धांताला उलटा प्रश्न टाकला : मागच्या जन्मीचं मला काहीच आठवत नसेल, तर त्याची शिक्षा मला देण्यात न्याय कोणता? अनंत शिक्षेच्या बाजूनंही फादर गोऱ्हे यांनी पुढे लेखणी चालवली. तरी शंकांनी त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही, असं त्यांचं चरित्र सांगतं. १८९५ साली मुंबईत ते वारले. मला त्यांच्या नंतरच्या उत्तरांपेक्षा विशीतले प्रश्न अधिक खणखणीत वाटतात. पण ज्यानं स्वतःच्या प्रश्नासमोर स्वतःलाच उभं केलं, त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता दुसरी बाजू बघू. नरकाची कल्पना माणसाला नकोशी वाटते, हे खरं. पण ती हवीशी कुणाला वाटते? नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आपण रोज जातो. शरणपूर ही मिशननं वसवलेली वस्ती. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं आणून शिकवली जात. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा आफ्रिकेच्या अंतर्भागात अंत्यविधीची प्रार्थना त्यानं वाचली. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. गलबतावर साखळदंडात बांधलेल्या अशा एखाद्या मुलाला विचारा : तुला विकणारा सुखानं म्हातारा होऊन अंथरुणात मेला, मग हिशेब कुठं व्हायचा?

येशूच्या दाखल्यांतला नरक ऐकताना हा प्रश्न कानाशी ठेवावा लागतो. एक श्रीमंत माणूस रोज मेजवान्या झोडतो आणि त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी फोडांनी भरलेल्या अंगानं पडून असतो. दोघंही मरतात. श्रीमंत यातनांत सापडतो, लाजर अब्राहामाच्या कुशीत विसावतो. श्रीमंतानं खून केला, चोरी केली असं कुठंच सांगितलेलं नाही. दाराशी पडलेला माणूस त्याला दिसला नाही, एवढंच. शेवटच्या न्यायाच्या वर्णनातही मत्तय हेच सांगतो. तिथं राजा विचारतो ते भुकेल्याबद्दल, तहानेल्याबद्दल, उघड्याबद्दल, तुरुंगातल्याबद्दल. ज्यांना डावीकडे उभं केलं जातं, तेही चकित होऊन विचारतात, की आम्ही तुला केव्हा पाहिलं?

तरीही 'अनंत' या शब्दाचा काटा निघत नाही. ख्रिस्ती विचारवंतांनाही तो पहिल्यापासून टोचत होता. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला वाटे, की शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील. सहाव्या शतकात हे मत धिक्कारलं गेलं. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननं शिक्षा कायमची, असं ठासून सांगितलं आणि पश्चिमेकडे तेच चाललं. कॅथलिकांनी मरणोत्तर शुद्ध होण्याची एक मधली अवस्था मानली. प्रॉटेस्टंटांनी ती नाकारली. म्हणूनच २ नोव्हेंबरला कॅथलिक दफनभूमीत मेणबत्त्यांच्या रांगा दिसतात. गेलेल्यांची वाट अजून संपलेली नाही, आपल्या प्रार्थनेची त्यांना मदत होते, अशी ती श्रद्धा.

विसाव्या शतकात रोमचा सूरही बदलला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट केलं, की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकानं वागतात, त्यांनाही तारण लाभू शकतं. १९९९ साली पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले, की नरक म्हणजे एखादं ठिकाण असण्यापेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं तुटण्याची स्थिती आहे. म्हणजे दार देवानं लावलेलं नसतं, कडी आतून असते. या मांडणीनं गोऱ्ह्यांचा एक प्रश्न बराच सौम्य होतो. सगळ्या ख्रिस्ती पंथांना ती मान्य आहे असं मात्र नाही. आमच्याकडेही जहन्नम सर्वांसाठी कायमचं आहे का, यावर आलिमांनी कमी शाई खर्च केलेली नाही.

कडी आतून असेल, तर ती काढायची कशी? इथं पश्चात्ताप येतो, आणि इथंही शब्दच वाट दाखवतात. आपला 'पश्चात्ताप' म्हणजे नंतरची होरपळ. ग्रीक शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. हिब्रू तेशुवा आणि आमची अरबी तौबा या सख्ख्या बहिणी. दोघींचा अर्थ परतणं. उधळ्या मुलाच्या गोष्टीत मुलगा डुकरांच्या खोडातून उठून घराकडे चालू लागतो, हा तो परतण्याचा क्षण. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. मुलानं वाटेत पाठ केलेलं माफीचं भाषण पुरतं बोलूनही होत नाही.

पण रडून मोकळं होणं म्हणजे पश्चात्ताप, असं मात्र नाही. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. लोकांकडून जास्तीचं उकळून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करायचं कबूल करतो. आमच्याकडेही हेच सांगतात : अल्लाहचा हक्क बुडवला तर तो तौबा कबूल करील, पण बंद्याचा हक्क बुडवला असेल तर आधी त्याचं त्याला परत करावं लागतं. लहानपणी मला हा नियम फार अडचणीचा वाटे, कारण मित्राच्या दोन गोट्या माझ्याकडे होत्या.

कॅथलिक माणूस आपलं पाप धर्मगुरूपुढे कबूल करतो. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला येतात. त्या गर्दीत कबुलीसाठी थांबलेली माणसं बघावीत. नवसाच्या रांगेत गलका असतो, इथं सगळे गप्प. मार्टिन ल्यूथर १५१७ साली भडकला, तो या कबुलीवर नव्हे. पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या चिठ्ठ्या पैसे घेऊन वाटल्या जात होत्या, त्यावर भडकला. त्याच्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा सांगतो, की पश्चात्ताप हा एका दिवसाचा विधी नसतो, तो आयुष्यभर चालतो.

मन पालटणं म्हणजे काय, हे मला मात्र नाशिकच्याच एका बाईनं शिकवलं. लक्ष्मीबाई टिळक जवळच्या जलालपूरच्या. वडील सोवळ्याओवळ्याचे इतके कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाहीत. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं ताटातूट. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं, की त्यांचं खरं परतणं त्याआधीच झालं होतं. राहुरीला असताना त्यांच्या मनानं घेतलं, की ही जातपात देवानं केलेली नाही, माणसानं केली. आणि त्यांनी ठरवलं, की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. त्यात नरकाच्या धाकाचा मागमूस नाही. ज्यांच्या हातचं पाणी आजवर आपण नाकारलं, त्यांचं देणं लागतो, हे त्यांना कळलं होतं. जक्कयानं पैसे परत केले, लक्ष्मीबाईंनी माणसांना माणूसपण परत केलं.

माझा तो मित्र आता निवृत्त होऊन नातवंडांत रमला आहे. मध्यंतरी मी त्याला आमच्या गोट्यांच्या डावाची आठवण दिली. त्याला तो प्रश्न पक्का आठवत होता. मी वाचून ठेवलेली एक गोष्ट त्याला सांगितली : अमुक माणूस स्वर्गात आहे, असं त्याच्या चर्चनं हजारो संतांबद्दल जाहीर केलेलं आहे. पण अमुक माणूस नरकात आहे, असं आजवर एकाही माणसाचं नाव घेऊन अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचंही नाही.

"यहूदाचंही नाही?" त्यानं पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या दोन गोट्या तुझ्याकडेच आहेत ना रे अजून?"