सशाच्या खुराकात फळं: गोडवा नको, चोथा चालेल

फळ माणसाला चांगलं, मग सशालाही चांगलंच, ही समजूत ससेपालनात खोलवर रुजली आहे. बाजारात न गेलेली द्राक्षं, पिकून काळी पडलेली केळी, कलिंगडाच्या फोडी पिंजऱ्यात टाकल्या जातात. ससे त्यावर तुटून पडतात, म्हणून ते त्यांना मानवतं असं वाटतं. आवडणं आणि मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक आधी पिल्लांच्या जिवावर बेततो.

सशाचं पचन मुख्यतः अंधांत्रात, म्हणजे लहान आतडं संपतं तिथल्या मोठ्या पिशवीत चालतं. पचनमार्गातल्या ऐवजापैकी साधारण 40 टक्के ऐवज या पिशवीत असतो आणि तिथले जिवाणू गवत-पाल्यातले तंतू आंबवतात. साखर आणि पिष्ट प्रमाणाबाहेर गेलं की लहान आतड्याला ते पेलत नाही. उरलेलं अंधांत्रात उतरतं, जिवाणूंचा मेळ बिघडतो आणि विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमला रान मोकळं मिळतं. आईच्या दुधापासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लाला पातळ हगवण लागते, पोट फुगतं आणि ते एक-दोन दिवसांत दगावू शकतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं खाल्लेलं बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही.

‘व्हिटॅमिन सी मिळावं म्हणून संत्रं द्या’ हा सल्लाही सर्रास ऐकू येतो. तो गिनीपिगसाठी बरोबर आहे. ससा मात्र हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. ‘ब’ गटातली बरीच जीवनसत्त्वं तर तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाऊन मिळवतो. ही घाण सवय नसून त्याच्या पचनाचा अर्धा भाग आहे; ती मोडायला जाऊ नये.

मग फळांचा खुराकाशी काही संबंधच नाही का? आहे, पण तो रस काढून उरलेल्या भागाशी. सफरचंदाच्या चोथ्यात पेक्टिन असतं. हा विरघळणारा तंतू अंधांत्रातल्या उपयोगी जिवाणूंना पोसतो. माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये 25व्या दिवशी तोडलेल्या पिल्लांवरचं काम प्रसिद्ध केलं. खाद्यात बीट आणि सफरचंदाचा चोथा घातल्यावर त्यांच्या आतड्याचं अस्तर अधिक चांगलं राहिलं. हा चोथा मोजूनमापून बनवलेल्या खाद्यातला एक घटक होता, हे विसरता कामा नये.

सगळे चोथे एका मापाचे नसतात. नाशिक भागात वाइनच्या हंगामात निघणाऱ्या द्राक्षाच्या चोथ्यात बिया आणि साली असतात. त्यात न पचणारं लिग्निन आणि टॅनिन भरपूर, त्यामुळे थोड्या प्रमाणात तो तंतू पुरवतो, पण त्याच्या भरवशावर वजन वाढत नाही. कारखान्यात वाळवलेल्या लिंबूवर्गीय चोथ्यात बऱ्याचदा चुना मिसळलेला असतो. सशाच्या शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून असं खाद्य खाल्ल्यावर लघवी पांढरट, गढूळ दिसू शकते.

डाळिंबाच्या सालीबद्दल दावे फार मोठे केले जातात. तिच्यातल्या पॉलिफेनॉलमुळे मांसातल्या चरबीला खवटपणा येण्याची प्रक्रिया मंदावते, हे पटण्याजोगं आहे. पण साल तुरट असते. प्रमाण वाढलं की ससे खाद्यच कमी खातात.

‘पपईच्या बिया दिल्या की सगळे रोग जातात’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. या बिया जंतांवरचं औषध म्हणून दिल्या जातात, पण पिल्लांना सतावणारा कॉक्सिडिओसिस हा जंतांचा नव्हे, एकपेशीय परजीवीचा रोग आहे. त्या परजीवीची अंडी ओलाव्यात आणि उबेत संसर्गजन्य होतात. त्यावर इलाज म्हणजे कोरडी जाळीची फरशी, लेंड्यांपासून दूर ठेवलेलं खाद्य आणि पशुवैद्यकाने दिलेलं औषध. बिया देऊन वाट पाहण्यात वेळ जातो. घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी देणं तर त्याहून वाईट, कारण तिने अंधांत्रातले उपयोगी जिवाणूच मरतात.

चोथा वापरायचाच असेल तर तो पातळ थरात कडक वाळवा. आपल्या हवेत ओला चोथा एका दिवसात आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. वाळल्यावर मूठभर घेऊन दाबून पाहा: गोळा झाला, आंबूस किंवा कुबट वास आला, हिरवट-करडा ठिपका दिसला, तर तो उकिरड्यावर टाका. चांगला निघाला तर रोजच्या खुराकात शेकडा 5 पासून सुरुवात करा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. सुकं गवत मात्र कमी करू नका. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात प्रामुख्याने चाऱ्यामुळे.

या दिवसांत रोज सकाळी पिंजऱ्याखालचा ट्रे पाहा. लेंडी गोल, कोरडी, फोडली की आत गवताचे तंतू दिसणारी असेल तर खुराक मानवतो आहे. लेंड्या बारीक झाल्या, चिकट झाल्या किंवा शेपटीखालचे केस माखले, तर चोथा त्याच दिवशी बंद करून फक्त गवत-पाणी ठेवा. ससा दिवसभर काहीच खात नसेल आणि लेंड्याही पडत नसतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.