जुन्या बुलेटला नवा टायर : खरेदीपूर्वी काय पाहावे?

ग्रे कापडाचे थान गादीवर आले की आम्ही ते आधी उजेडाकडे धरतो. धागा कुठे तुटला, बाणा कुठे विरळ पडला, काठ सरळ आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. धंद्यातला हा आमचा तीस वर्षांचा रिवाज. परंतु २०१६ साली मोटारसायकलचा टायर घेताना आम्ही तो विसरलो आणि त्याची सजा आमच्या मुलाला भोगावी लागली.

आमच्याकडे १९६८ सालची बुलेट ३५० आहे. मरहूम वालिदसाहेब याच गाडीवर लुंग्यांचे गठ्ठे बांधून मालेगावहून आसपासच्या आठवडी बाजारांना जात. त्यांच्या पश्चात आम्ही ती जपली. पुढच्या टायरला भेगा पडल्या म्हणून दुसरा शोधत होतो. एका दुकानात जुन्या धर्तीचा, गोल रेघांचा टायर दिसला. अंगावर चकाकी, एकदाही न वापरलेला आणि भाव निम्मा! दुकानदार म्हणाला, "शेठ, कोरा माल आहे." माल कोरा होता हे खरे, पण तो तेरा वर्षे कोरा पडून होता.

पहिल्याच पावसात मनमाड रस्त्यावर एका साध्या वळणावर पुढचे चाक सरकले. वेग चाळीसच्या आतच होता. आम्ही खरचटण्यावर निभावलो, मागे बसलेल्या मुलाचे मात्र गळ्याजवळचे हाड मोडले. हात झोळीत अडकवून तो महिनाभर घरी बसला. आम्ही गाडी विकायला काढली तेव्हा तोच म्हणाला, "अब्बा, गाडी नका विकू. टायर बदला."

मालाचा ऐब लपवणाऱ्या दुकानदाराचा दोष होताच. परंतु तारीख टायरवर छापलेली होती आणि आम्ही ती वाचली नाही. ज्या बंधूंकडे वडिलांची बुलेट, जावा किंवा येझदी अजून चालू आहे, त्यांच्यासाठी पुढील हिशेब मांडत आहोत.

तारीख आधी, भाव नंतर

टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन म्हणजे आठवडा आणि नंतरचे दोन म्हणजे वर्ष. '२३१९' असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आमच्या टायरवर '११०३' होते, म्हणजे मार्च २००३. तीनच आकडे असतील तर तो २००० सालापूर्वीचा समजावा आणि तिथूनच परत फिरावे.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन, उष्णता व हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होते आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. साधा नियम असा की, पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकावा.

आकड्यांचा हिशेब

जुन्या बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ हे माप असे. म्हणजे टायरची रुंदी ३.२५ इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. जुन्या इंची मापात टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच धरत. नव्या मापात ९०/९०-१९ असे लिहितात. रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ८१ मिलिमीटर आणि रिम तीच १९ इंची. कागदावर हिशेब केला तर जुन्या टायरची एकूण उंची सुमारे ६४८ मिलिमीटर येते आणि नव्याची ६४५. फरक नावापुरता. म्हणून ३.२५-१९ मिळत नसेल तर ९०/९०-१९ हा जवळचा पर्याय होय.

पुष्कळ तरुणांना रुंद टायरचा शौक असतो. २०२१ साली आलेल्या नव्या क्लासिक ३५० ला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ असे टायर आहेत. पैकी मागचा १८ इंची टायर जुन्या १९ इंची रिमवर बसणारच नाही. पुढचा बसेल, पण बसणे आणि शोभणे यांत फरक आहे. जुन्या रिमवर 'डब्ल्यूएम-२' असा ठसा असेल तर तिची आतली रुंदी १.८५ इंच असते. अशा अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत दाबल्या जातात आणि माथा उंचावतो. हँडल जड होते, मागे लावल्यास चेनगार्डला घासण्याचीही भीती असते. छत्तीसच्या छातीला बेचाळीसचा सदरा शिवून कोणी ऐट मारत नाही!

मापापुढे '५४ पी' असे काही लिहिलेले असते. ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो भार पेलतो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो बनवला आहे. वेग आपल्याला लागत नाही. भाराचा आकडा मात्र मागे माल बांधणाऱ्याने पाहावाच. गाडीच्या पुस्तकात सांगितल्यापेक्षा तो कमी नसावा.

टायरच्या आत कापडच आहे

आपल्या धंद्यातल्या बंधूंना हे वाचून गंमत वाटेल की, टायरचा सांगाडा कापडाचा असतो. त्याचा ताणा नायलॉनच्या मजबूत दोऱ्यांचा आणि बाणा अगदी विरळ, रबर चढेपर्यंत ताण्याला जागेवर ठेवण्यापुरता. पूर्वी हे कापड सुती असे, नंतर रेयॉनचे आले, मग नायलॉनचे. जुन्या टायरवर '४ पीआर' लिहिलेले असे. त्याचा अर्थ आत चार थर आहेत असा नव्हे, तर ताकद चार सुती थरांइतकी आहे असा. सूत गेले, पण सुताचे माप राहिले.

साध्या टायरात हे कापड उरेब कापून, थर एकमेकांवर तिरपे आडवे घालतात. रेडियल टायरात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर पट्टा असतो. दोघांची चाल वेगळी. जुन्या गाडीला दोन्ही चाकांना उरेब बांधणीचेच टायर घालावेत. एक असा, एक तसा ही भेसळ करू नये.

नक्षी जुनी चालेल, रबर नवे हवे

पुढे गोल रेघा आणि मागे ठोकळ्यांची नक्षी, हा जुना रिवाज चुकीचा नव्हता. एमआरएफ, सिएट यांसारख्या कंपन्यांनी बुलेटच्या मापाचे टायर बनवले आहेत. तेव्हा जुने रूप ठेवूनही ताजा माल घेता येतो. आजच्या अनेक टायरांच्या रबरात सिलिका असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड वाढते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो मिस्त्रीकडून पाहून घ्यावा.

स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच. नव्या टायरसोबत ट्यूब आणि स्पोकांवरची रिमपट्टीही नवी घ्यावी. तिथे शेपन्नास रुपये वाचवून उपयोग नाही. नवा टायर पहिले दीडशे किलोमीटर निसरडा असतो, तोवर सबुरीने चालवावे. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, पुस्तकाप्रमाणे भरावी. आणि हे ध्यानात असू द्यावे की, टायर नवा झाला तरी ब्रेक जुनेच आहेत!

आणखी एक गोष्ट आपल्या वस्तीसाठी खास. आपल्यापैकी पुष्कळांची गाडी कारखान्यात, मागाच्या मोटारीजवळ उभी असते. विजेच्या मोटारी आणि वेल्डिंग यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला भेगा पाडतो. गाडी तिथून हलवावी. महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर मधल्या स्टँडवर, सावलीत ठेवावी.

आता आमच्या बुलेटला दोन्ही टायर ताज्या तारखेचे आहेत. दुकानात आम्ही बॅटरी पाडून आकडे वाचत होतो तेव्हा दुकानदार हसला. आम्ही म्हणालो, "भाई, आमच्या गादीवर येणारे गिऱ्हाईकही थान उलगडून पाहते. आम्ही कधी राग मानला नाही." त्याने आत जाऊन त्याहून ताज्या तारखेचा टायर आणून दिला.