बर्न येथील बाजार

मोसंबी आमची आणि भाव आडत्याचा, ही रीत घनसावंगीच्या बागाइतदारांच्या अंगवळणी पडली आहे. म्हणून स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं एक दृश्य पाहून आम्ही थबकलों. मंगळवारची सकाळ होती. संसदभवनासमोरच्याच चौकांत भाजीबाजार भरला होता. कायदे करणारांच्या दाराशीं शेतकरी आपल्या मालाचा भाव स्वतः सांगत होते. तेथील राज्यघटनेंत शेतीविषयीं स्वतंत्र कलम आहे, १०४ वें.

याच शहरीं, १८७४ सालीं स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघांत, कै. शरद जोशी नोकरीस होते. ती सोडून त्यांनीं आंबेठाणला कोरडवाहू शेती केली, व १९८० सालीं चाकणला कांद्याच्या भावासाठीं शेतकऱ्यांचें आंदोलन उभारलें.

आपल्या तालुक्याच्या गांवींही असा बाजार भरवितां येईल काय, याचा सभासदांनीं विचार करावा.