पत्र्याखालचा उन्हाळा : कूलर घ्यावा की एसी?

भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचे दिवस आपल्या समाजाच्या आनंदाचे असतात. पण मराठवाड्यात कडक उन्हाचे दिवसही नेमके हेच. मे महिन्यात जालन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. कुंडलिकेच्या काठच्या जुना जालन्यात आपली पुष्कळ घरे पत्र्याची आहेत. रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करून आलेला कामगार भर दुपारी त्या पत्र्याखाली झोपायला बघतो. घरात एखादी बाळंतीण असते, म्हातारी आजी असते. त्यांच्यासाठी थंडावा ही चैन नव्हे, जिवाची गरज आहे. म्हणूनच हप्त्यावर एखादे यंत्र उचलून आणण्यापूर्वी ते कसे चालते, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

तथागतांनी आधी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. खोली तापण्याचे कारण डोक्यावर आहे. पत्रा दिवसभर ऊन पितो आणि तीच उष्णता खाली सोडतो. तेव्हा पहिला खर्च पत्र्यावर करावा. वरून छतासाठीचा पांढरा रंग दिला, तर बरेचसे ऊन वरच्या वर परतते. पत्र्याखाली थोडी पोकळी ठेवून आतून छत लावले, तर आणखी फरक पडतो. मात्र ते थर्माकोलचे नसावे, त्याला आग लवकर लागते. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उन्हाळ्यासाठी कृती आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. त्यांना जमले ते आपल्यालाही जमेल.

आता यंत्राकडे वळू. कूलर म्हणजे मोठा माठच समजा. माठातले पाणी पाझरून वाळते आणि वाळताना उष्णता शोषून घेते. कूलरच्या ओल्या गवतातून हवा ओढली जाते तेव्हा हेच घडते. जालन्याची दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून ४० अंशांची हवा चांगल्या कूलरमधून २७-२८ अंशांपर्यंत उतरून येऊ शकते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून अनेक कुटुंबे मुंबईला गेली आणि तिथेच राहिली. गावाकडचा कूलर पाहून मुंबईची बहीण तसाच कूलर घेते आणि मग फसल्यासारखे वाटते. तिथली हवा समुद्रामुळे आधीच दमट असते. तिच्यात आणखी पाणी मावत नाही, म्हणून गवतातले पाणी वाळत नाही. हवा जेमतेम तीन-चार अंशांनी उतरते, उलट अंथरूण ओलसर होते आणि अंग चिकचिकते. जालन्यातही पाऊस सुरू झाला की कूलरचे हेच होते. तेव्हा पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवावा.

दमट गावात एसी लागतो. एसी थंडी तयार करत नाही. विहिरीतले पाणी मोटरने वर काढावे, तशी तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर फेकतो. म्हणून या जातीच्या यंत्राला हीट पंप म्हणतात. थंड देशांत हेच यंत्र उलटे चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतात. एसीचा जन्मही दमटपणावर उपाय म्हणूनच झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद बिघडत होता, त्यासाठी विलिस कॅरियर या इंजिनिअरने हवेतला ओलावा काढणारी यंत्रणा आखली. मुंबईच्या नातलगांनी एसी बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. मेनपासून त्याची वायर स्वतंत्र असावी. आतल्या पेटीतून येणाऱ्या पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूने उतार असावा, नाहीतर पाणी भिंतीत मुरते. बाहेरची पेटी खाऱ्या वाऱ्याने गंजते, म्हणून ती वेळोवेळी गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी.

जुना जालन्यातल्या एका खोलीच्या घराने मात्र हिशेब करावा. साधारण २०० वॅटचा कूलर रोज आठ तास चालला तर महिन्याला ५० च्या आत युनिटे जळतात. दीड टनाचा एसी तेवढाच वेळ चालला तर २४० ते ३६० युनिटे जळू शकतात. आपल्याकडे १०० युनिटांच्या पुढे विजेचा दर वाढतो, ३०० च्या पुढे आणखी वाढतो. त्यात पत्र्याच्या फटींतून गार हवा निघून जाते ती वेगळीच. कूलरचा खर्च पाण्याचा आहे. मोठा कूलर दुपारी तासाला पाच-दहा लिटर पाणी पितो. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्तीत ते पाणी घरातली बाईच वाहते, हे पुरुषांनी विसरू नये. म्हणून खोलीपुरता लहान कूलर घ्यावा आणि तो भरण्याचे काम पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे.

कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवावा आणि समोरचे दार किंवा झरोका उघडा ठेवावा. दारे लावून घेतली तर ओली हवा आत कोंडते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

सर्वांत महत्त्वाचे अजून पुढेच आहे. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी लेकरू हे तिन्ही एकत्र आले, की विजेचा एक उघडा तार जीव घेतो. दरवर्षी उन्हाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. तीन पिनांचाच प्लग वापरावा आणि घराला खरे अर्थिंग आहे की नुसते भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. करंट गळताच तो क्षणात वीज तोडतो. पाणी भरताना आधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाणी हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ साली वीजधोरणाच्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वीज स्वस्त आणि भरपूर मिळाल्याशिवाय देशातले दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती वीज आज आपल्या घरात आली आहे. ती आपल्या लेकरांच्या जिवावर उठू नये, हे पाहणे आता आपले काम आहे. आपल्या वस्त्यांत वायरमनचे काम शिकलेले तरुण आहेत. त्यांनी बुद्धपौर्णिमेआधीचा एक रविवार काढावा, विहारात जमावे आणि घरोघरी जाऊन अर्थिंग तपासावे. दाराला पंचशील ध्वज लावून झाला, की आतला प्लगही एकदा पाहून घ्यावा.

जय भीम!