फाटकाची डागडुजी : खर्च किती, खबरदारी कोणती?

घर बांधताना गृहस्थ पायापासून छपरापर्यंत प्रत्येक गोष्टीचा बारकाईने विचार करतो. फाटकाची पाळी मात्र बहुधा शेवटी येते आणि हाती उरलेल्या पैशांत ते उरकले जाते. पुढे ह्याच फाटकाला रोज दहा-वीस वेळा उघडावे-मिटावे लागते, ऊन-पाऊस सोसावा लागतो, आणि मुलांच्या झोक्याचाही भार वाहावा लागतो. ते कुरकुरू लागले की आपण थेंबभर तेल सोडतो. जमिनीला घासू लागले की थोडे उचलून लावतो. एके दिवशी बिजागरी निखळते, तेव्हा वेल्डरचा शोध सुरू होतो आणि तो सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. हा प्रसंग टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी फाटक का मोडते आणि दुरुस्तीचा खर्च कशाकशाचा मिळून होतो, हे समजून घेतले पाहिजे.

फाटकांचे शहर

बंगळूर हे ह्या विषयासाठी चांगले उदाहरण आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या पेठेभोवती तट होता आणि त्यात वेशी होत्या. यलहंका, हलसूरु, केंगेरी, आनेकल अशी त्या त्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवरून त्यांची नावे पडली. कन्नडमध्ये दरवाजाला ‘बागिलु’ म्हणतात. वेशी गेल्या, परंतु ‘हलसूरु गेट’ हे नाव शहराच्या व्यवहारात आजही टिकून आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे ह्या नगरीशी मराठी माणसाचे नातेही जुनेच आहे. १७९१ मध्ये इंग्रजांनी वेढा घातलेल्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा अजून उभा आहे.

आजच्या बंगळुरातील घरांची गोष्ट निराळी. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब हा येथील घराच्या जागेचा सर्वपरिचित आकार होय. एवढ्या जागेत घर, पायरी आणि मोटार बसवायची, म्हणजे फाटकाला आत उघडण्यास वाव उरत नाही, आणि बाहेर उघडावे तर ते पदपथावर येते. ह्यामुळे रुळावरून बाजूला सरकणारी फाटके पुष्कळ दिसतात. जागेचा प्रश्न त्यांनी सुटतो. परंतु त्यांची देखभाल अधिक दक्षतेने करावी लागते. त्याचे कारण पुढे येईलच.

गंज कोठे लागतो?

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. रत्नागिरी-मालवणकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने हे काम झपाट्याने होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बंगळुरात खारी हवा नाही. परंतु पावसाळा लांबतो. मे महिन्यात वळीव येतात, जूनपासून नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडून परतीच्या सरी येतात. म्हणजे वर्षातील अर्धा काळ फाटकाचा तळ ओला राहू शकतो.

गंज फाटकाला सगळीकडे सारखा लागत नाही. तळाची आडवी पट्टी, उभे गज जेथे तिला मिळतात ते सांधे, आणि पोकळ नळ्यांची आतील बाजू ही त्याची आवडती ठिकाणे. नळीचे तोंड उघडे असेल तर पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून रंग तुकतुकीत दिसतो आणि आतून पोलाद कागदासारखे पातळ होत जाते. ह्यावर उपाय सोपा आहे. नळीच्या वरच्या टोकाला झाकण वेल्ड करून घ्यावे आणि तळाशी पाणी निथळण्यास बारीक छिद्र ठेवावे. तळाच्या पट्टीवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. बद्द आवाज आला आणि पापुद्रे सुटू लागले, तर तो भाग बदलावा लागेल.

फाटक झुकते का?

दुसरा रोग झुकण्याचा. ह्याचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. झुलत्या फाटकाचे वजन खाली ओढते, तेव्हा वरची बिजागरी खांबापासून बाहेर खेचली जाते आणि खालची खांबाकडे दाबली जाते. ही ओढ किती, ते काढण्यासाठी झडपेच्या वजनाला तिच्या अर्ध्या रुंदीने गुणावे आणि दोन बिजागऱ्यांमधील अंतराने भागावे.

समजा, झडप १.८ मीटर रुंद व १.५ मीटर उंच आहे. ४० मिलिमीटरच्या अँगलची चौकट आणि १२ मिलिमीटरचे चौकोनी गज धरले, तर तिचे वजन सुमारे ५५ किलो भरते. बिजागऱ्यांत १.२ मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर सुमारे ४१ किलोची ओढ पडते. पुढे घरमालकाला वाटते की रस्त्यावरून घरात कोणी डोकावू नये, म्हणून तो गजांवर दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा ठोकून घेतो. पोलादाचा एक मिलिमीटर जाड पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. ह्या हिशेबाने झडपेचे वजन सुमारे ३२ किलोने वाढते आणि ओढ ६५ किलोवर जाते. बिजागऱ्या मात्र जुन्याच असतात. त्यात २५ किलोचे मूल फाटकाच्या टोकाला लटकून झोके घेऊ लागले, की आणखी ३७ किलोंची भर पडते. फाटक झुकले तर दोष केवळ लोहाराचा नसतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

म्हणून झुकलेल्या फाटकाची बिजागरी नुसती पुन्हा चिकटवून भागत नाही. बिजागऱ्यांमधील अंतर वाढवावे, वजन कमी करता येते का पाहावे, रुंद झडपेच्या टोकाला खाली चाक बसवावे, आणि चौकटीला तिरपी पट्टी द्यावी. ही पट्टी कोणत्या दिशेने द्यायची, हेही महत्त्वाचे आहे. पातळ पट्टी ताण सोसते, दाब सोसत नाही. तेव्हा ती वरच्या बिजागरीकडून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे. उलट दिशेने द्यायची असेल, तर जाड अँगल वापरावा.

खर्चाचा ताळेबंद

दर शहरागणिक, किंबहुना गल्लीगणिक बदलतात. यास्तव पुढील दर केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत. पद्धत मात्र तीच राहील.

वर सांगितलेल्या दोन झडपांच्या फाटकाची तळपट्टी कुजली आहे, असे समजू. नवी तळपट्टी ३.६ मीटर, मीटरला ३ किलोप्रमाणे १०.८ किलो. चौतीस गजांची खालची वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर, टोके बदलायची, तर ५.१ मीटर गज, सुमारे ५.८ किलो. कापण्यातील तूट धरून एकूण १८ किलो पोलाद लागेल. किलोला ७० रुपये धरले तर १,२६० रुपये होतात. वेल्डरची दिवसाची मजुरी १,२०० आणि मदतनिसाची ८००. वेल्डिंगच्या कांड्या व कापण्याच्या चकत्या ३००. यंत्र आणण्या-नेण्याचे ५००. प्रायमर व रंग ७००. रंगाऱ्याची मजुरी ८००. एकूण बेरीज ५,५६० रुपये.

ह्या बेरजेत धातूचा वाटा पावहिश्शाहूनही कमी आहे, हे पाहण्यासारखे आहे. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आणि येण्याजाण्याचा असतो. एका कडीसाठी आज आणि एका बिजागरीसाठी पुढच्या महिन्यात वेल्डरला बोलावले, तर तोच प्रवासखर्च व तीच मजुरी दोनदा भरावी लागते. फाटक, खिडकीचे गज, जिन्याचा कठडा, पाण्याच्या टाकीचे झाकण ही सर्व कामे एका यादीत लिहून एकाच दिवशी उरकणे हीच मोठी काटकसर होय.

आता नव्या फाटकाशी तुलना करू. ११० किलोचे तयार फाटक किलोला १४० रुपये दराने १५,४०० रुपयांना पडेल. बसविण्याचे २,००० मिळवावेत आणि जुन्या लोखंडाच्या मोडीचे ३,००० वजा करावेत, राहिले १४,४००. दुरुस्ती ह्याच्या चाळीस टक्क्यांच्या आतच आहे. म्हणून चौकटीच्या तिन्ही बाजू धडधाकट असतील तर दुरुस्ती करावी. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर जाऊ लागला, किंवा उभ्या बाजूही पोखरलेल्या आढळल्या, तर नवे फाटक घेणेच शहाणपणाचे ठरते.

दर ठरविताना तो किलोवर, दिवसावर की संपूर्ण कामावर, हे आधीच बोलून घ्यावे. रंग, वाहतूक आणि कर त्यात धरले आहेत की नाहीत, तेही विचारावे. किलोवर दर ठरला असेल तर माल आपल्यासमोर तोलून घ्यावा. गोल गजाचे वजन घरबसल्याही काढता येते : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले, की मीटरला किती किलो ते कळते. १२ मिलिमीटरच्या गजाचे उत्तर ०.८९ किलो येते.

सांधा कसा पारखावा?

विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आली. त्यापूर्वी लोहार तापवून, ठोकून किंवा रिवेट मारून जोड देत असे. जुन्या बंगल्यांच्या नक्षीदार फाटकांत कधी कधी ओतीव लोखंडाचे भाग असतात. ते साध्या कांडीने वेल्ड केले, तर थंड होताना तडकतात. त्यांना निकेलची कांडी, आधी शेक आणि सावकाश निववणे लागते. ओळखण्याची खूण अशी की, ग्राइंडर लावला असता साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब व पिवळसर-पांढऱ्या उडतात. ओतीव लोखंडाच्या आखूड व तांबूस असतात.

काम चालू असताना चार गोष्टी पाहाव्यात. जोडाच्या जागेवरील रंग व गंज पूर्ण खरवडला आहे ना? केवळ दोन टाके मारून काम संपविले, की सांधा सलग भरला? वरची काचेसारखी खपली ठोकून काढली काय? खाली दिसणारी रेघ एकसारखी, छिद्रांवाचून आहे काय? खपलीवरच रंग दिला तर ती काही महिन्यांत सुटते आणि तेथूनच गंज आत शिरतो. सांधा झाला की त्याच दिवशी प्रायमर द्यावा आणि वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. एवढ्याने पुढची दुरुस्ती कित्येक वर्षे लांबते.

जीव मोलाचा

फाटकाच्या दुरुस्तीला पैशापलीकडचीही एक बाजू आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात पुण्याजवळ बोपखेल येथे खेळता खेळता सरकते फाटक अंगावर पडून एक चिमुरडी दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात सार्वजनिक क्रीडांगणाचे लोखंडी फाटक कोसळून एका मुलाचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी मुले केवळ मुलांसारखी खेळत होती.

सरकते फाटक स्वतःच्या बळावर उभे राहत नाही. खालचा रूळ, वरचा आधार देणारे मार्गदर्शक खांब आणि दोन्ही टोकांचे भक्कम अडथळे ह्यांच्या जोरावर ते उभे असते. ह्यांपैकी टोकाचा अडथळा तुटला आणि फाटक जोराने ढकलले गेले, की ते आधारातून सुटून शे-दीडशे किलोंचे धूड आडवे होते. अशा फाटकाचे अडथळे, चाके आणि रूळ दर महिन्याला पाहावेत. रुळातील खडी व माती झाडून काढावी. एखादा भाग मोडलेला आढळला, तर वेल्डर येईपर्यंत फाटक मजबूत दोरखंडाने खांबाला बांधून ठेवावे आणि मुलांना तेथे जाऊ देऊ नये. हे काम उद्यावर टाकू नये. सोसायटीच्या किंवा शाळेच्या फाटकाची जबाबदारी कोणा एकाची नसते, म्हणून ती सर्वांचीच राहून जाते. तेथे एका व्यक्तीकडे ती नावानिशी सोपवावी.

वेल्डिंग चालू असतानाही काळजी हवी. तो प्रखर प्रकाश पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, म्हणून मुलांना दूर ठेवावे. पावसात किंवा ओल्या जमिनीवर काम करू देऊ नये. मोटार दूर उभी करावी. ठिणग्या तिच्या काचेत रुततात. जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्यांचा धूर ताप आणतो, तेव्हा सांध्यावरील जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत व्हावे. फार जुना रंग खरवडताना त्यात शिसे असण्याचा संभव धरावा. घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

वेल्डर हाही कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. तो साधा काळा चष्मा लावून काम करू लागला, तर त्याला मुखवटा व हातमोजे आणण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी थोडा वेळ गेला तरी हरकत नाही. घासाघीस करताना शंभर रुपये वाचतील. परंतु घाईने मारलेला सांधा त्याहून महाग पडतो.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे झाडतो, भांडी घासतो. बंगळुरात परतीचा पाऊस तेव्हा ओसरत आलेला असतो. त्या यादीत फाटकाचेही नाव लिहावे : बिजागऱ्यांना तेल, तळपट्टीवर हातोडीची ठोक, सांध्यांवर नजर, रुळाची झाडलोट. अर्ध्या तासाचे हे काम दरवर्षी होत राहिले, तर दुरुस्तीचा खर्च आवाक्यात राहील आणि घरातील व शेजारची मुले फाटकापाशी निर्धास्तपणे खेळू शकतील.