गाडीबाहेरचा ड्रायव्हर

घोडा ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आणि बाजूचं छोटं चाक फिरवलं की वळते. भाच्याने एवढं सांगून रिमोट माझ्या हातात दिला. गाडी पाठमोरी पळत होती तोवर मी तिचा मालक होतो. ती वळून माझ्याकडे यायला लागली आणि डावं-उजवं उलटलं. मी तिला दूर वळवायला गेलो, तर ती थेट नडगीवर आली. भाचा ओरडला, "मामा, उडी मार!" वयाच्या मानाने मी बरी उडी मारली.

आर.सी., म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या हौशीत प्रत्येकाला आधी हीच शिकवणी घ्यावी लागते. चालवणारा गाडीत नसतो. गाडी येताना तिचा डावा हात आपला उजवा होतो. नवशिके अंग वळवून, मान वाकडी करून स्वतःला गाडीत बसवू पाहतात. सवय झालेला ताठ उभा असतो, फक्त बोटं हलतात.

हे घडलं अमेरिकेत, डॅलसच्या उत्तरेला. तिथून जवळच मॅकिनी गावात ट्रॅक्सस कंपनीचं मुख्यालय आहे. या कंपनीचा एक्स-मॅक्स हा ट्रक 2015 साली आला. लांबी 78 सेंटिमीटरच्या आसपास, वजन पावणेनऊ किलोंच्या घरात, एकेक चाक 20 सेंटिमीटर व्यासाचं. उलटला तर रिमोटवरचं बटण दाबायचं. ट्रक मोटर मागे-पुढे झटकत डोलायला लागतो आणि पाठीवर पडलेल्या भुंग्यासारखा स्वतःच पालथा होतो. वरकरणी चैन वाटते, पण शंभर पावलं चालत जाऊन उताणी गाडी सरळ करण्याचं काम ज्याने दुपारभर केलंय, त्याला त्या बटणाची किंमत कळते.

या घराण्याचं मूळ जपानमध्ये, शिझुओकाच्या तामिया कंपनीत. 1979 साली त्यांनी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या वाळूत पळणाऱ्या बग्ग्या आणल्या, आणि रिमोटची गाडी गुळगुळीत फरशीवरून मातीत उतरली. 1987चा क्लॉड बस्टर तर राक्षसी चाकांचा ट्रक. पुढे एक मोटर, मागे एक, आणि चारही चाकं वळणारी. त्यापुढचा आकार मात्र तेव्हाच्या बॅटऱ्यांना झेपणारा नव्हता. म्हणून खऱ्याच्या एक पंचमांश मापाच्या गाड्यांना पेट्रोलचं इंजिन बसलं. एच.पी.आय. कंपनीची 2006च्या सुमाराची बाजा 5बी ही त्यातली गाजलेली गाडी. तिचं 23 सी.सी.चं दोन स्ट्रोकचं इंजिन म्हणजे कोकणात पावसाळ्यात रान साफ करणाऱ्या ग्रास कटरचा सख्खा भाऊ. दोरी ओढून चालू करायचं, एका लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर ऑइल मिसळायचं. बजाजची जुनी स्कूटर चालवलेल्या माणसाला तो निळसर धूर ओळखीचा वाटेल. मग ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आली आणि इंजिनाची जागा बहुतेक ठिकाणी विजेने घेतली. आवाज गेला याची हळहळ करणारे अजून आहेत. शेजारी नक्कीच त्यांच्यात नाहीत.

पण एवढी मोठी गाडी हवीच कशाला? भाच्याचं उत्तर होतं, "लहान गाडी गवतात अडकते." खरंच आहे ते. पाच सेंटिमीटरच्या चाकाला घोट्याएवढं गवत म्हणजे उसाचा फड. मला मात्र खरं कारण वेगळं वाटतं. गाडी आपण आकाराने लहान करू शकतो, गुरुत्वाकर्षण नाही. एक दशांश मापाची गाडी उड्डाण करून खाली येते तेव्हा तिचं पडणं, उसळणं, डोलणं खऱ्या ट्रकच्या तिपटीहून अधिक घाईचं दिसतं. एक पंचमांश मापात ती घाई सव्वादोन पटींवर येते. सिनेमात छोट्या प्रतिकृतीची आगगाडी दरीत ढकलताना चित्रीकरण वेगाने करून पडद्यावर हळू दाखवायचे, ते याच कारणाने. हाताला गाडीचा धक्का लागत नाही, पाठीला खड्डा कळत नाही. बाहेर उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरला वजन फक्त डोळ्यांनीच मिळतं, आणि ते मोठ्या गाडीत दिसतं. टेकाडावरून उतरताना शॉकअप दबतात, टायर फुगून परत बसतात, मागचा भाग सावकाश खाली येतो. पोटात गोळा येतो तो तेव्हा.

हवेतली करामत तर पाहत राहावी अशी. गाडी अधांतरी असताना घोडा ओढला तर चाकं जोरात फिरतात आणि उलट प्रतिक्रियेने नाक वर उचललं जातं. ब्रेक दाबला की फिरती चाकं थांबतात, नाक खाली येतं. चाकं जड, म्हणून हा परिणामही दणकट. जाणकार ड्रायव्हर उडी मारतानाच ठरवतो की चारही चाकं एकदम टेकवायची.

खेळणं म्हणून याकडे पाहू नये. एक्स-मॅक्समध्ये चार-चार सेलच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडतात. पूर्ण चार्ज केल्यावर दाब 33.6 व्होल्ट, वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास. काही हौशी या आकड्याला पाचाने गुणून "मापाने बघितलं तर 400" असं सांगतात. तो निव्वळ बोलाचा भात. खरा हिशेब असा: दहा किलोंची वस्तू ताशी 80 किलोमीटरने आपटली, तर तो आघात आठव्या मजल्यावरून पडलेल्या गव्हाच्या डब्याएवढा असतो. म्हणून रस्त्यावर, बागेत, मुलांच्या घोळक्यात ही गाडी काढायची नसते. बॅटरीही लाडाची. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की बिघडला समजायचं, चार्ज होताना तिला एकटं सोडायचं नाही, आणि फुगलेली दिसली तर तिचा मोह सोडायचा.

मोठेपणाचा दंडही भरावा लागतो. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण दांड्यांची ताकद चौपटच वाढते. लहान गाडी दगडावर आदळून उठून पळते. मोठीचे सांधे वाकतात. त्यामुळे हौशी माणसाच्या टेबलावर एलन की, स्क्रूवर लावायच्या गोंदाची बाटली आणि जाड-पातळ सिलिकॉन तेलं कायम. शॉकअपचं तेल पातळ, डिफरन्शियलचं मधासारखं घट्ट. दोन गिअर किती जवळ बसवायचे? मध्ये कागदाची पट्टी घालून आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. माझ्या वाट्याला ही पट्टी धरण्याचं काम आलं, आणि गाडी चालवण्यापेक्षा त्यात मी अधिक यशस्वी ठरलो.

त्या खेळाच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. चाकांना चिखल असा चिकटला होता की गाडी दीडपट जड झाली आणि मोटर तापून पाच मिनिटांत थांबवावी लागली. या भागाला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. एके काळी इथे कापूस पिकायचा. इथली माती ओली झाली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी, बुटांचे तळवे ओढून ठेवणारी. बहीण परभणीत वाढलेली. स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्रावर ठेवलेल्या गाडीचं चाक तिने हातात घेतलं, बोटाने ढेकूळ काढलं, चुरडून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, ही आपलीच काळी माती रे." मग भाच्याला दात घासायचा जुना ब्रश आणून दिला.