राखी रंगाची पारख

गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरास रंग देण्याचें ठरलें. धाकट्या सूनबाईंनीं मातोश्रींच्या खोलीसाठीं राखी रंग सुचविला. ‘सणासुदीला भिंतींना राख कां फासायची?’ असा मातोश्रींचा प्रश्न! तरीही दुकानांतील छटापत्रकांतून जवळजवळ सारखे दिसणारे तीन तुकडे काढून आम्हीं त्यांतला मधला पसंत केला. भिंतीवर चढतांच तो निळसर दिसूं लागला आणि संध्याकाळीं खोली उदास वाटूं लागली. दाराची चौकटही त्याच रंगांत रंगविली होती. मोतीबिंदूमुळें दृष्टि मंदावलेल्या मातोश्रींना भिंत व चौकट यांतील भेद कळेना, आणि एके दिवशीं त्यांचा खांदा चौकटीवर आदळला. हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे, हें तेव्हां आमच्या ध्यानीं आलें.

पांढऱ्या रंगांत नुसती काजळी मिसळली तरी निळसर झांक येते. ती झांकण्यासाठीं पिवळ्या, तांबड्या किंवा हिरव्या रंगाचे थेंब घालतात. या थेंबांवरच राखी रंगाचा स्वभाव ठरतो. राखी, करडा, पारवा, धुरकट असे निरनिराळे शब्द आपल्या भाषेंत आहेत, ते कांहीं उगाच नव्हेत.

शिवाय हा रंग शेजाऱ्यांच्या संगतीनें पालटतो. पॅरिस येथील गोबेलँ कारखान्यांत काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तेथील रंगशाळेचे प्रमुख शेव्रल यांनीं शोध केला, तेव्हां दोष रंगाचा नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा आहे असें आढळलें. त्यांचा यावरील ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. सागवानी कपाटाच्या तांबूस छटेजवळ राखी भिंत अधिक निळसर भासते, ती याच नियमानें.

तिसरी गोष्ट उजेडाची. उत्तरेच्या खिडकींतून बहुधा आकाशाचा निळसर प्रकाश येतो. मावळतीचें ऊन पिवळें असतें. दिव्यांतही २७०० केल्विनचा दिवा पिवळसर, तर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा.

म्हणून आमची वाचकांस विनंति अशी कीं, दुकानांत निर्णय करूं नये. तुकडे कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारीं शेजारीं ठेवावे; लपलेली झांक लगेच उघडी पडते. मग दोन छटांचे थोडे थोडे रंग आणून हातभर रुंदीचे पुठ्ठे दोनदा रंगवावे, आणि ते पूर्ण वाळल्यावर प्रत्येक भिंतीशीं सकाळीं, दुपारीं व दिवा लावल्यावर पाहावे. घरांत वृद्ध माणसें असल्यास भिंत उजळ ठेवून चौकट व विजेचें बटण ठळक वेगळ्या रंगाचें असावें.

आम्हीं याच रीतीनें पुनः रंग निवडला; या खेपेस पुठ्ठे मातोश्रींच्याच हातीं दिले. त्यांनीं पिवळसर झांकेचा फिका रंग पसंत केला आणि चौकट गडद तपकिरी करविली. आतां कोणी विचारल्यास त्या सांगतात, ‘राख नव्हे हो, हा पारवा!’ ज्यास त्या खोलीत राहावयाचें त्यासच आधीं विचारलें असतें, तर आमचा एक रंगाचा हात वांचला असता.